सिंगल हँड, डॉक्टरची गाडी

पेण ते रोहा हे अंतर चाळीसेक किलोमीटरचं. एवढ्याशा पट्ट्यात विकायला निघालेली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरचीच कशी निघते, हे कोडं आता वैद्यकशास्त्रानेच सोडवायला हवं. डीलरच्या आवारात उभं राहून कुठल्याही गाडीकडे बोट दाखवा. 'डॉक्टरची आहे शेठ. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर.' आणि ही बाजूची? 'ती त्यांच्या मिसेसची. त्या पण डॉक्टर.' विक्रीच्या गाड्यांवरून हिशेब मांडला तर आपल्याकडे माणशी दीड डॉक्टर पडतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलं तर मात्र जागा रिकामी. डॉक्टर बहुधा गाडी विकायला गेलेले असतात.

डॉक्टरांच्या खालोखाल मान बँक मॅनेजरचा, त्याच्याखाली रिटायर्ड मास्तरांचा. मास्तरांनी म्हणे आयुष्यात चाळीसच्या वर ना मार्क दिले ना स्पीड. मग येतात मिलिटरीवाले. ते फक्त मोबाइलवर असतात. त्यांची बदली अचानक झालेली असते, गाडी विमानतळाच्या पार्किंगमध्ये उभी असते, किंमत निम्मी असते आणि 'ट्रान्सपोर्टचे पैसे आधी टाका' एवढीच देशसेवा आपल्याकडून अपेक्षित असते. युनिफॉर्ममधला फोटो आणि ओळखपत्र दोन्ही पाठवतात. दोन्ही दुसऱ्याच कुणाची असतात.

शनिवार-रविवारी अलिबागला पर्यटक वाहणारी गाडी, वरातीत डीजेच्या मागे पाच तास पहिल्या गिअरवर सरकलेली गाडी, खडीच्या साइटवर सुपरवायझरला घेऊन फिरलेली गाडी, या कुणी कधी विकायला काढलेल्या ऐकिवात नाहीत. त्या सगळ्या सदेह स्वर्गाला जात असाव्यात.

या विषयावर हसू नये, कारण त्याला नोबेल मिळालेलं आहे. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध छापला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो साभार परत केला होता. त्या संपादकांनी आयुष्यभर शोरूममधूनच गाड्या घेतल्या असणार. अकरलॉफचं म्हणणं साधं होतं. विकणाऱ्याला गाडीची कुंडली पाठ असते, घेणाऱ्याला फक्त पॉलिश दिसतं. मग घेणारा चांगल्या गाडीलाही बेताचाच भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, 'राहू दे घरीच, पोराला शिकायला होईल.' बाजारात उरतो तो उरलासुरला माल. याच्यासाठी २००१ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल दिलं, आणि त्याच वर्षी मायकेल स्पेन्स यांनाही. स्पेन्स यांनी सांगितलं की चांगल्या मालाला आपली ओळख पटवायला एखादी खूण लागते, आणि ती खूण मिळवायला काहीतरी खर्चावं लागलं तरच तिला अर्थ असतो. 'डॉक्टरची गाडी' म्हणायला एक पैसा पडत नाही. म्हणून ती सगळ्यांचीच असते.

आपल्याकडे गाडी बघायला एकट्याने जायची पद्धत नाही. किमान पाच माणसं लागतात. आमचे मामा रोह्याहून दिवा गाडीने सकाळीच पेणला उतरतात. मामांचा अधिकार मोठा, कारण त्यांच्याकडे एकेकाळी स्कूटर होती. ते आल्याआल्या पुढच्या टायरला लाथ मारतात आणि मान हलवतात. टायरने काय सांगितलं ते आजवर कुणाला कळलेलं नाही. शेजारचे काका दार उघडून धाडकन लावतात. 'पत्रा बघ. आताच्या गाड्यांना पत्रा कुठेय?' ते २०१७ च्या गाडीला आताची समजत नाहीत. मेहुणे आत बसून गाणी लावतात, आणि स्पीकर चारही चालतात हे कळल्यावर त्यांच्या बाजूने व्यवहार पक्का होतो. मग उरलेली सौभाग्यवती मागून विचारते, 'आरसीवर नाव कोणाचं आहे?'

त्या आवारात दिवसभरात विचारलेला कामाचा प्रश्न एवढाच असतो. डीलर हसून म्हणतो, 'वहिनी, कागद एकदम क्लिअर आहेत. तुम्ही चहा घ्या.' आणि सगळे पुन्हा टायरकडे वळतात.

या धंद्यातली खरी मेख इथे आहे. आपण लोखंड तपासतो आणि फसतो कागदात. लोखंडातली फसवणूक एकदाच्या खर्चाची. इंजिन खोला, क्लच टाका, शॉकअप बदला, संपलं. कागदातली फसवणूक आपल्याबरोबर राहायला येते. तरीही लोखंड सोडायचं नाही, म्हणून आधी तेच उरकू.

मेकॅनिक आपला न्यावा. 'आमचाच मेकॅनिक आहे की, फुकट चेक करेल' असं डीलर म्हणाला तर तो फुकटात काय चेक करेल ते ओळखावं. मीटर बघून भुलू नये. मीटरचे आकडे मागे नेणाऱ्या माणसाला अर्धा तास पुरतो. गाडीचा नंबर घेऊन त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मागची नोंद विचारावी. तीन वर्षांपूर्वी सर्व्हिसिंगला आली तेव्हा ऐंशी हजार किलोमीटर झालेली गाडी आज बेचाळीस हजारांवर असेल तर ती मधल्या काळात उलटी चालवलेली असणार. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. आठ वर्षांची गाडी, तीस हजार किलोमीटर आणि टायर मागच्या वर्षीचे, असा मेळ दिसला की विचारायचं, पहिले टायर कुठे झिजले? ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं असेल आणि डीलर 'गाडी उभीच होती' म्हणत असेल, तर डॉक्टर उभ्या गाडीत बसून ब्रेक दाबत होते असं मानावं लागेल.

रंगाच्या बाबतीत मात्र पेणमध्ये फसवणं अवघड. इथे हमरापूर-जोह्यापासून गावात गल्लोगल्ली गणपतीचे कारखाने. वर्षाचे बाराही महिने हातात स्प्रे गन धरलेली माणसं जागोजागी भेटतात. अशाच एका रंगकाम करणाऱ्या मित्राला मी एकदा गाडी बघायला नेलं. त्याने बोनेट उघडलं नाही की किल्ली फिरवली नाही. सकाळचं तिरपं ऊन होतं. तो गाडीच्या मागच्या कोपऱ्यात उकिडवा बसला, एक डोळा मिटला आणि सबंध बाजू नजरेच्या एका रेषेत घेतली. मग उजवं मागचं दार उघडून काचेच्या रबराखाली नख सरकवलं. 'ये इकडे. बोट लाव. कड लागते ना? टेप चिकटवून मारलाय.' दाराच्या बिजागरीचे बोल्ट दाखवले. त्यांच्या डोक्यावरचा रंग उडालेला होता. 'पाना लागल्याशिवाय हा उडत नाही. दार काढून बसवलंय.' डीलर म्हणाला, 'थोडंफार टच-अप असतंच शेठ.' मित्राने त्याच्याकडे आदराने पाहिलं. 'काम चांगलं केलंय. कोणी केलं? आमच्याकडे सीझनला माणसं कमी पडतात.'

वास घ्यायलाही विसरू नये. जुलै २०२१ मध्ये महाडला सावित्री नदीचं पाणी शिरलं, तिकडे चिपळूणही बुडालं. उभ्या उभ्या गाड्या छपरापर्यंत पाण्यात गेल्या. त्यांतल्या अनेकींचा विमा कंपनीने निकाल लावला, पण गाड्या मरत नाहीत, त्या गाव बदलतात. असल्या गाड्या कोकणात दर मोठ्या पुरानंतर निघतात. नवी सीट कव्हरं, नवी मॅटिंग आणि डॅशबोर्डवर मोगऱ्याची बाटली. सुगंध जितका दाट, पाणी तितकं खोल, असं समजायला हरकत नाही. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढावा, अगदी शेवटपर्यंत. धुणाऱ्याने बाहेरचा हातभर पट्टा धुतलेला असतो, आतल्या टोकाला गाळाची रेघ तशीच असते. स्टेपनी काढून खालच्या खोबणीत बघावं, सीटखालच्या पट्ट्यांवरचा गंज बघावा.

टेस्ट ड्राइव्हच्या बाबतीत आम्हा पेणकरांवर सरकारची विशेष मर्जी. मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. त्यानंतर या रस्त्याने किती सरकारं पाहिली ते मोजत बसू नये. अनेक पिढ्यांचे शॉकअप या मार्गावर कामी आले. डीलर 'इथेच एक राऊंड मारा' म्हणून आपल्याला गुळगुळीत तुकड्यावर पाठवतो. आपण 'जरा नागोठण्यापर्यंत जाऊन येतो' म्हणावं. काँक्रीट बरंच झालं असलं तरी सर्व्हिस रोड आणि पुलाखालची वळणं अजून आपल्या बाजूने आहेत. काचा वर, गाणी बंद, एसी बंद. मेहुण्यांना मागे बसवून गप्प राहायला सांगावं. खड्ड्यात 'खट्' वाजलं की बुश, वळणावर 'कट्-कट्' वाजलं की ॲक्सल, आणि काहीच न वाजता सगळं वाजलं की परत फिरावं. हा रस्ता सोसत नाही म्हणणाऱ्यांसाठी रोह्यापासून कोकण रेल्वे सुरू होते, तिचा मीटर कुणी मागे करत नाही.

आता सौभाग्यवतीच्या प्रश्नाकडे येऊ. आरसीवर नाव कोणाचं आहे?

पुष्कळदा ते ना डीलरचं असतं, ना समोर 'मालक' म्हणून उभा केलेल्या माणसाचं. ते असतं तिसऱ्याच कुणाचं. त्याने दोन वर्षांपूर्वी कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी सोडली. मग ती एका डीलरकडून दुसऱ्याकडे, तिथून कुणाच्या तरी भाच्याकडे आणि आता आपल्याकडे. डीलर म्हणतो 'सिंगल हँड'. कागदावर तेही खरंच असतं. बाकीचे हात कागदावर उमटलेच नाहीत.

यात विकणाराही अडकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ सालच्या एका निकालात अशीच गाडी होती. पहिल्या मालकाने विकली, पुढे ती एकाकडून दुसऱ्याकडे फिरत गेली, नोंदणी मात्र पहिल्याच्याच नावावर राहिली आणि २००९ मध्ये अपघात झाला. न्यायालयाने सांगितलं, कायद्याच्या दृष्टीने मालक तो, ज्याचं नाव नोंदणीत आहे. भरपाईची जबाबदारी पहिल्यावर आली. गाडी विकून मोकळा झालेला माणूस मोकळा झालेलाच नव्हता. म्हणून आपली जुनी गाडी 'एक्स्चेंज'मध्ये देतानाही किल्ली आणि सह्या देऊन घरी येऊ नये. मोटार वाहन कायद्याने एकाच राज्यातल्या विक्रीची खबर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला द्यायची असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव लावून घ्यायचं असतं. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. आपल्या गावचे एजंट हे आकडे रामरक्षेसारखे म्हणतात.

डीलरांसाठीही १ एप्रिल २०२३ पासून नियम आला. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याने आरटीओकडून अधिकृत पत्र घ्यायचं. गाडी त्याच्या ताब्यात आली की मालकाने आणि त्याने तसं ऑनलाइन कळवायचं, आणि तिथून पुढची जबाबदारी डीलरवर. गिऱ्हाइकाने हे पत्र मागावं. 'आमचं सगळं पेणच्या आरटीओत सेटिंग आहे' हे त्या पत्राचं उत्तर नाही.

गाडीचा नंबर मोबाइलवर एमपरिवहनमध्ये टाकला की बरंच काही समोर येतं. आरसी किती तारखेपर्यंत, विमा कधी संपतो, कर्जाचा बोजा आहे का. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, तेव्हा चौदा वर्षं झालेली 'स्वस्तातली' गाडी म्हणजे पुढच्या वर्षीची फेरनोंदणीची रांग आपण विकत घेतो. ई-चलनं वेगळी बघावी. मागच्या मालकाने एक्स्प्रेसवेवर जे वेग गाठले त्यांचे पैसे आपल्याला भरायला नकोत. एमएच-०६ म्हणजे आपलं पेण, एमएच-४६ म्हणजे पनवेल. यापलीकडचा नंबर, विशेषतः दिल्लीचा असेल तर जास्त सावध. तिथे दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली आणि त्या गाड्यांना अचानक महाराष्ट्राची ओढ लागली. गाडी स्वस्त मिळते, पण तिकडचं एनओसी आणि इकडचा रोड टॅक्स धरला की ती गावातल्या गाडीच्या भावाला येऊन टेकते.

बोजाचं प्रकरण नीट बघावं. आरसीवर 'एचपी' म्हणून बँकेचं नाव असेल तर ती गाडी अजून त्या बँकेला बांधलेली. 'लोन फिटलंय शेठ, एनओसी दोन दिवसांत येतेय' हे वाक्य ऐकलं की दोन दिवसांनीच यावं. बँकेचं एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात नसताना पैसे मोजू नयेत. आणि कर्ज बाकी असेल, 'तुमच्या पैशातूनच फेडतो' असं सांगत असतील, तर आपण स्वतः त्या बँकेच्या कर्जखात्यात रक्कम भरावी. डीलरच्या हातातून बँकेपर्यंत जाताना पैशांना वाटेत फार नातेवाईक भेटतात.

विमाही नावावर करून घ्यावा लागतो, त्यासाठी १४ दिवस असतात. त्यातली गंमत म्हणजे 'नो क्लेम बोनस' गाडीला नसतो, माणसाला असतो. मागच्या मालकाची सवलत तशीच चालू ठेवून वाचवलेले दोन-तीन हजार पुढे क्लेमच्या वेळी भारी पडतात.

आणि आता फायनान्स. रोहा हे चिंतामणराव देशमुखांचं गाव, त्यांचं बालपण तिथे गेलं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४३ साली झाले. त्याच रायगड जिल्ह्यात २०१० मध्ये पेण अर्बन बँक बुडाली आणि ठेवीदारांना वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले. म्हणजे व्याजाचं शहाणपण आणि त्याची किंमत, दोन्ही आमच्याकडे घरचीच. तरीही डीलरच्या टेबलाशी बसून 'फक्त नऊ टक्के शेठ' ऐकलं की आम्ही पेन उघडतो.

विचारायचा प्रश्न एकच: 'फ्लॅट का रिड्युसिंग?' तीन लाखांचं कर्ज, चार वर्षं, नऊ टक्के फ्लॅट. व्याज १,०८,०००, हप्ता ८,५००. फ्लॅट म्हणजे शेवटच्या महिन्यातही आपण पूर्ण तीन लाखांवर व्याज भरतो. तोपर्यंत मुद्दल जवळपास फिटलेलं असतं, पण व्याजाला त्याचा पत्ता नसतो. हेच कर्ज नऊ टक्के रिड्युसिंगने, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच्या व्याजाने, घेतलं तर हप्ता साधारण ७,४६५ आणि व्याज ५८ हजारांच्या आसपास. पन्नास हजारांचा फरक. तो 'फक्त नऊ टक्के' खऱ्या हिशेबाने जवळपास सोळा टक्के असतो. त्यावर फाइल चार्ज, प्रोसेसिंग, कर्जाला विमा. डीलर इतक्या आपुलकीने कर्ज का मिळवून देतो, याचं कारण त्याला फायनान्सवाल्याकडून मिळणाऱ्या कमिशनात असतं. गाडीत पाच हजार सोडून तो कर्जात पंधरा कमावतो, आणि आपण घरी जाऊन पाच हजार पाडल्याचं सांगतो.

यावर औषध आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या किरकोळ कर्जांना रिझर्व्ह बँकेने 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' सक्तीचं केलंय. त्यात सगळे खर्च धरून येणारा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, एका आकड्यात लिहावा लागतो. त्यात न लिहिलेला चार्ज आपल्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. कर्जदाराला समजेल त्या भाषेत ते द्यायचं असतं, तेव्हा मराठीत मागावं. मागितल्यावर समोरच्याचा पंखा अचानक मोठ्याने फिरायला लागतो. आणि डीलरकडे जायच्या आधी आपल्या खात्याच्या बँकेत जाऊन दर विचारून यावा. तिथे चहा मिळत नाही, पण आकडा मिळतो. 'जिथे पेन्सिलने फुली, तिथे सही' हा कार्यक्रम आपल्याकडे फार जोरात चालतो. फॉर्म भरलेला असल्याशिवाय फुलीला हात लावू नये.

गाडी घ्यावी. जुनी गाडी घेण्यात काही कमीपणा नाही. नीट बघून घेतलेली जुनी गाडी रोह्याला ग्रामदैवत धावीर महाराजांपुढे उभी केली तर तिलाही नव्या गाडीएवढाच नारळ लागतो. फक्त व्यवहाराच्या दिवशी एक कागद करावा. त्यावर गाडीचा नंबर, चेसिस नंबर, ठरलेली किंमत, दिलेले पैसे, उरलेले पैसे, एचपी उतरवून नाव कोण आणि किती तारखेपर्यंत लावून देणार, हे सगळं लिहावं. पैसे बँकेतून द्यावेत आणि शेवटचा हप्ता आरसीवर आपलं नाव आल्यावरच सोडावा. जो डीलर एवढं लिहून सही करतो, त्याच्याकडे गाडी घ्यावी, मग ती पूर्वी कुणाचीही असो. जो म्हणतो 'शेठ, विश्वास नाही का?', त्याला सरळ 'नाही' म्हणावं आणि वडखळला मिसळ खाऊन घरी जावं.